शाळेची अब्रू आणि बालकाचा शब्द

एखादी गोष्ट कळली, एवढ्यानेच माणसावर काही जबाबदारी येते काय, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. दुसऱ्याने केलेल्या पापात आपला हात नसेल, तर आपण केवळ जाणते म्हणून दोषी कसे, असे पुष्कळांना मनापासून वाटते. आपल्याकडील व्यवहारचातुर्यही याच बाजूने बोलते. झाकली मूठ सव्वा लाखाची, आपलेच दात आणि आपलेच ओठ, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, या म्हणी आपण लहानपणापासून ऐकल्या आणि मुलांनाही ऐकवल्या. शाळेत बालकावर लैंगिक अत्याचार झाला किंवा तसा संशय आला, तर हे शहाणपण टिकते काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. विषय अप्रिय आहे. तो अप्रिय असल्यामुळेच आजवर बाजूस पडला, असे आम्हांस वाटते.

प्रथम शाळेचाच विचार का, हे सांगितले पाहिजे. मूल शाळेत स्वतःच्या इच्छेने जात नाही, आपण त्याला पाठवतो. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला, याचा अभिमान आपल्यापैकी अनेक घराण्यांत अजून सांगितला जातो. स्वतंत्र भारताने तोच विचार २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकासाठी स्वीकारला. मात्र सक्ती या शब्दाला दुसरी बाजू आहे. ज्या जागी मनुष्य आपल्या मर्जीने जातो, ती जागा आवडली नाही तर तो उठून जाऊ शकतो. सात वर्षांच्या मुलीला वर्गातून उठून जाता येत नाही. ज्याला आपण जाण्याची मोकळीक ठेवली नाही, त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी आपण पूर्णपणे आपल्या शिरावर घेतली, असाच याचा अर्थ होतो. त्यात शिक्षकाला वडिलांच्या आणि देवाच्या जागी मानण्याची आपली परंपरा. ज्याचे ऐकावे असे घरातून सांगितलेले असते, तोच अपराधी निघाला तर मुलाजवळ नकाराचे शब्दही नसतात. कुंपणानेच शेत खावे, तशी ती स्थिती असते.

कायद्याला ही स्थिती ओळखण्यास बराच काळ लागला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत काही गुन्ह्यांची खबर प्रत्येक नागरिकाने दिलीच पाहिजे, असे कलम ३९ मध्ये होते. त्या यादीत खून होता, दरोडा होता, खोट्या नोटाही होत्या. बालकावरील लैंगिक अत्याचार मात्र त्यात नव्हता. म्हणजे शेजारी बनावट नोटा छापतो हे ठाऊक असूनही गप्प बसणारा नागरिक कर्तव्यास चुकला असे कायदा म्हणत असे, पण शाळेतील शिपाई किंवा मास्तर मुलांशी काय करतो हे ठाऊक असून गप्प बसणाऱ्यास तो काही विचारीत नसे. मुलग्यांवरील अत्याचारांसाठी तर भारतीय दंड संहितेत सरळ असे कलमच नव्हते. अनैसर्गिक कृत्याच्या कलम ३७७ चा आधार घ्यावा लागे.

या बाबतीत गोवा पुढे गेला. मडगाव येथे अनाथ मुलांच्या आश्रमाच्या नावाखाली चाललेले शोषण १९९१ साली उघडकीस आले आणि १९९६ साली त्या प्रकरणातील मुख्य आरोपीस जन्मठेप झाली. पुढे २००३ साली गोव्याने बालकांसाठी स्वतंत्र कायदा केला, बालकांसाठी वेगळे न्यायालय ठेवले आणि शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांना विचारण्यात आले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या परिचयाचे किंवा विश्वासातले होते, आणि बहुसंख्य मुलांनी ही गोष्ट तोवर कोणालाही सांगितलेली नव्हती. यानंतर पाच वर्षांनी लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ हा कायदा झाला आणि त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून, म्हणजे बालदिनापासून, अमलात आला. पॉक्सो या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. अठरा वर्षांखालील मुलगी आणि मुलगा यांत तो भेद करीत नाही. शाळेच्या व्यवस्थापनातील किंवा नोकरवर्गातील माणसाने केलेला अपराध तो अधिक गंभीर मानतो.

आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने या कायद्याचे हृदय कलम १९ आणि २१ यांत आहे. असा अपराध झाल्याचे ज्याला कळले, किंवा तो घडण्याची ज्याला धास्ती वाटते, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकास कळविलेच पाहिजे. झालेला अपराध न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध कळवीत नसेल, तर एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड. पोलिसाने खबर नोंदवून घेतली नाही तर तोही दोषी. गप्प बसल्याची शिक्षा फक्त बालकाला नाही. हे वाक्य आम्हांस फार सूचक वाटते. मौनाचा अधिकार कायद्याने लहानांकडे ठेवला आणि मोठ्यांकडून काढून घेतला. आपल्या घरांत आणि संस्थांत वहिवाट नेमकी याच्या उलट होती.

या तरतुदीला सज्जन माणसांचाही विरोध असतो, आणि तो समजून घेतला पाहिजे. मुख्याध्यापक म्हणतात, "आम्ही आधी खात्री करून घेऊ नये काय? एखाद्या मुलीने काही सांगितले, एवढ्यावर पंचवीस वर्षे सेवा केलेल्या शिक्षकाला पोलिसांच्या हवाली करायचे?" प्रश्न वरवर रास्त वाटतो. परंतु खात्री करून घेण्याची शाळेतील रीत काय असते, हे पाहावे. मुलीला कार्यालयात बोलावतात. चार मोठी माणसे तिच्यासमोर बसतात. कधी त्या शिक्षकालाही समोर उभे करतात आणि मग तिला विचारतात, "आता सांग, काय झाले?" ती गोंधळते, रडते, शब्द बदलते. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात. तीन वेळा विचारल्यावर तीन तऱ्हेची उत्तरे जमतात आणि त्यांतून मुलगी खोटे बोलते असा निष्कर्ष निघतो. मध्यंतरी ज्याच्यावर संशय, तो सावध झालेला असतो. म्हणून कायद्याने ही चौकशी शाळेकडे ठेवली नाही. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता, त्याच्या विश्वासाच्या माणसासमक्ष घ्यावा, बालकाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये आणि न्यायालयात वारंवार बोलावू नये, असे कलमांतच लिहिले आहे. हे सर्व ठिकाणी पाळले जाते, असा आमचा दावा नाही. पण मुलाशी कसे बोलावे, याचा विचार त्या कलमांत आहे, तो आपल्या कार्यालयीन चौकशीत नसतो.

राज्य शासनाच्या सेवेत आम्ही तीन तपे काढली. त्या काळात अशा तक्रारींचा जो शेवट आम्ही अनेकदा पाहिला, तो एका शब्दात सांगता येतो. तो शब्द म्हणजे बदली. एका वसतिगृहाविषयी पालकांनी तक्रार केली, कागद वर गेला, खाली आला, आणि संबंधित इसमास प्रशासकीय कारणास्तव अन्यत्र नेमण्यात आले. आदेशात कारण लिहिलेले नसते, सेवापुस्तकात शेरा नसतो आणि नव्या ठिकाणी कोणास काही ठाऊक नसते. पुष्कळदा ते नवे ठिकाण आडवळणाचे गाव असते, जेथील पालकांना अर्ज लिहिता येत नाही. फाइल बंद होते, सर्वांची सुटका होते, आणि धोका मात्र जेथे बोलणारे कमी तेथे सरकवला जातो. यात कोणी लाच खाल्लेली नसते, कोणाचा वाईट हेतूही नसतो. शाळेचे नाव वाचावे, मुलीचे लग्न पुढे अडू नये, मास्तरांच्या बायकोमुलांची दैना होऊ नये, अशा सद्भावनांतूनच तो आदेश निघालेला असतो. दयेचे एवढे वाटेकरी असतात. पुढच्या गावातील अनोळखी मुलाचा वाटा मात्र कोणीच काढून ठेवलेला नसतो.

येथे आमच्या मते मूळ चूक विचारातली आहे. कळविणे, बालकास सुरक्षित करणे आणि निवाडा करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतो. शासकीय सेवेतील माणसास हा भेद परिचित असतो. निलंबन ही शिक्षा नव्हे, हे सेवानियमांचे पहिलेच सूत्र आहे. चौकशी निर्वेध व्हावी म्हणून माणसाला काही काळ दूर ठेवतात. त्याने अपराध केला की नाही, हे नंतर ठरते. तसेच येथे आहे. मुलाचा शब्द आपण संरक्षणापुरता तत्काळ मानावा. शिक्षेपुरता तो मानावा की नाही, हे न्यायालय पुरावा पाहून ठरवील. मुख्याध्यापकाने खबर दिली म्हणजे त्याने शिक्षकाला दोषी ठरवले असे होत नाही. उलट जो मुख्याध्यापक स्वतःच खात्री करून प्रकरण मिटवतो, तोच पुरावा न घेता निवाडा करतो, आणि तोही नेहमी एकाच बाजूने. शिक्षक निर्दोष असेल, तर त्यालाही अशा कुजबुजीतून कधीच सुटका मिळत नाही. कारण रीतसर चौकशीच न झाल्यामुळे रीतसर निर्दोषही कोणी ठरत नाही.

खोट्या तक्रारीचे भय मात्र निराधार नाही. संस्थांतील भांडणे आम्ही पाहिली आहेत. निवडणुकीत हरलेला गट मुलांना पुढे करून काय करू शकतो, याची कल्पना आम्हांस आहे. कायद्यानेही ती ठेवली आहे. द्वेषबुद्धीने खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढास कलम २२ खाली शिक्षा आहे. बालकाला मात्र ती नाही, कारण खोटे बोलणारे मूल बहुधा कोणा मोठ्याचे शब्द बोलत असते. आणि सद्भावनेने खबर देणाऱ्यावर, ती पुढे टिकली नाही तरी, दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे ज्याला खोटे पसरवायचे नाही, त्याला भिण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. पूर्वी पडलेल्या मुलाला मास्तर उचलून घेत, पाठीवरून हात फिरवीत. आता शिक्षक मुलाला स्पर्श करण्यासही भितात, हे काय झाले, असे जुनी माणसे विचारतात. ही खंत खरी आहे. परंतु कायद्याने स्पर्शाला अपराध म्हटलेले नाही, लैंगिक हेतूने केलेल्या स्पर्शाला म्हटले आहे. २०२१ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कपड्यांवरून केलेला स्पर्श त्या कलमात बसत नाही असा निर्णय दिला, तेव्हा देशभर चर्चा झाली. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि महत्त्व त्वचेस त्वचा लागण्याला नसून हेतूला आहे असे स्पष्ट केले. हा निर्णय जितका मुलांच्या बाजूचा, तितकाच चांगल्या शिक्षकाच्या बाजूचा आहे. खरचटलेल्या गुडघ्यावर औषध लावणाऱ्या हातामागील हेतू सर्वांना दिसतो, कारण तो हात सर्वांसमोर पुढे होतो. भीती स्पर्शाची नसून आडोशाची असावी.

आता अब्रूविषयी. आपल्यासारख्या, मूळ प्रांतापासून दूर शतक-दोन शतके वसलेल्या समाजात हा शब्द फार जड आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे आपल्या पूर्वजांनी वर्गणी गोळा करून शाळा काढल्या. तेथे विश्वस्त एकाचे मामा असतात, मुख्याध्यापिका दुसऱ्याची वहिनी असते, आणि तक्रार करणाऱ्या मुलीची आजी त्याच मंडळाच्या हळदीकुंकवाला येणारी असते. अशा ठिकाणी बोलणे म्हणजे केवळ एका माणसाविरुद्ध बोलणे नव्हे, तर सर्व गोतावळ्याशी वैर घेणे होय. परप्रांतात आधीच थोडे असलेले आपण, आपल्याच संस्थेची बदनामी कशी करावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण या वाटण्यात एक हिशेब लपलेला आहे, तो उघड मांडला पाहिजे. संस्थेची अब्रू राखण्याची किंमत कोण देतो? देणारे मूल असते, आणि त्याला ती द्यायची आहे काय, हे कोणी विचारलेले नसते. दुसऱ्याच्या खिशातून दिलेल्या देणगीला औदार्य म्हणता येत नाही.

गोपनीयता आणि लपवाछपवी यांतील भेदही येथेच समजून घ्यावा. बालकाचे नाव, शाळा, पत्ता, ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करण्यास कलम २३ ने मनाई केली आहे. म्हणजे पोलिसांना सांगणे हे चव्हाट्यावर मांडणे नव्हे. गोपनीयता बालकासाठी असते आणि लपवाछपवी मोठ्यांसाठी. पहिलीत नाव झाकले जाते, अपराध नाही. दुसरीत अपराध झाकला जातो आणि नाव मात्र कुजबुजीतून गावभर होते.

न जुमानता गप्प राहणाऱ्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी दिलेला निर्णय वाचण्याजोगा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे ते प्रकरण. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने हे कळूनही कळविले नाही, असा त्याच्यावर आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचे प्रकरण रद्द केले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा चालू केले आणि माहिती असूनही न कळविणे हा गंभीर अपराध असल्याचे सांगितले. आरोप खरा की खोटा, ते खटल्यात ठरायचे. तत्त्व मात्र निश्चित झाले, की जाणता माणूस प्रेक्षक राहू शकत नाही.

मौनाचे दुसरे टोक म्हणजे जमावाचा क्रोध. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथे शिशुवर्गातील दोन मुलींवर शाळेतील सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली. गुन्हा नोंदवून घेण्यास पोलीस ठाण्यात तासन्‌तास लागले. २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वेमार्गावर उतरले आणि तत्काळ फाशीची मागणी झाली. शाळेच्या चालकांवरही माहिती न दिल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात मरण पावला. अनेकांना यात न्याय झाला असे वाटले. आम्हांस तसे वाटत नाही. न्यायालयाने पुरावा ऐकून जे सत्य म्हणून लिहून ठेवले असते, ते त्याच्याबाबत आता कधीच लिहिले जाणार नाही. त्या मुलींच्या शब्दाला ती प्रतिष्ठा मिळणे त्यांचा हक्क होता. कार्यालयांनी वेळेवर ऐकले असते, तर रेल्वेमार्गावर ओरडण्याची पाळी आली नसती. जेथे दाराआड गप्प बसतात, तेथेच रस्त्यावर आरडाओरडा होतो.

शिक्षेच्या कठोरपणावर आपली फार भिस्त असते. मध्य प्रदेश विधानसभेने २०१७ च्या डिसेंबरात बारा वर्षे व त्याखालील मुलींवरील बलात्कारास मृत्युदंडाची तरतूद संमत केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने पॉक्सोमध्येही सर्वांत गंभीर प्रकारांसाठी मृत्युदंड आला. हेतूविषयी शंका नाही. पण अपराधी बहुधा ओळखीचा असतो, हे लक्षात घेतले तर शिक्षा जितकी भयंकर, तितके आप्तांचे ओठ अधिक घट्ट मिटतात, असेही होऊ शकते. अपराध्याला भय शिक्षेच्या मोठेपणापेक्षा तिच्या निश्चितीचे अधिक वाटते. कायद्याने शक्यतो एका वर्षात खटला संपवावा असे म्हटले आहे. तरीही २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाला शंभराहून अधिक खटले पडून असलेल्या जिल्ह्यांत विशेष न्यायालये स्थापण्याचा आदेश द्यावा लागला. काम अजून कोठे बाकी आहे, हे यावरून कळावे.

एक अडचण मात्र आमच्या विवेचनानेही पूर्ण सुटत नाही. मूल विश्वासाने जवळ येते आणि म्हणते, "बाई, कोणाला सांगू नका." कायदा सांगा म्हणतो. मुलाचा विश्वास मोडावा काय? सक्तीमुळे काही मुले बोलणारच नाहीत, अशी भीती मुलांमध्ये काम करणाऱ्यांनाही वाटते, आणि ती झिडकारण्याजोगी नाही. आम्हांस एवढेच सुचते, की न पाळता येणारे वचन शिक्षकाने देऊ नये. "मी गावाला सांगणार नाही. पण तुला जपण्यासाठी ज्यांना सांगावेच लागेल, त्यांना सांगेन, आणि तेव्हा तुझ्याजवळ बसेन," असे म्हणता येते. त्यातले शेवटचे वाक्य कोणताही कायदा लिहू शकत नाही. खबर दिल्यावर जवळ बसणे हे कलमात नाही. ते माणसाने स्वतः घालायचे असते.

पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनी शाळांतील प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करण्यास, बालसंरक्षणाचे धोरण पाळण्यास आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्यास सांगितले आहे. आपल्या मंडळांच्या शाळांपैकी किती ठिकाणी हे कागदापलीकडे गेले, हे प्रत्येक सभासदाने आगामी वार्षिक सभेत विचारावे. ताळेबंदावर तासभर चर्चा करणाऱ्या सभेला या प्रश्नासाठी दहा मिनिटे काढणे जड जाऊ नये. विचारणाऱ्याकडे काही लोक वळून पाहतील, कोणी "आपल्याकडे असले काही होत नाही" असे म्हणेल. त्यावर नम्रपणे एवढेच म्हणावे, की होत नाही हे आपल्याला कसे कळले, आणि झाले तर मुलाने कोणाकडे जायचे, त्या माणसाचे नाव शाळेच्या भिंतीवर लिहिलेले आहे काय.